कानाचा दूरचा नंबर

आमच्या शेजारच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण आमच्या मजल्यावर ते कोणी वापरत नाही. मुलं त्यांना भिंगकाका म्हणतात, मी भिंगोजी म्हणतो. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, रागाच्या भरात त्यांना काय म्हणावंसं वाटतं ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भिंगोजींचं काम बघत बसावं असं आहे. दुकानाच्या मागे एक काळोखी खोली, तिच्यात एक उंच खुर्ची. गिऱ्हाइकाला त्या खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, आणि मग तिच्यात एकामागून एक भिंगं खटाखट सरकवत हळू आवाजात विचारायचं, "पहिलं की दुसरं? ...आता? पहिलं की दुसरं?" गिऱ्हाईक गोंधळतं, म्हणतं, दोन्ही सारखीच दिसतात. भिंगोजी म्हणतात, "घाई नाही. परत दाखवतो." आत कुठल्या नंबरचं भिंग घातलंय ते चुकूनही सांगत नाहीत आणि गिऱ्हाइकाच्या उत्तराला चूक-बरोबरही म्हणत नाहीत. "दिसतंय त्याला," म्हणतात, "मला थोडंच दिसतंय? मी कोण बोलणारा!"

दुकानातली ही सवय घरीही सुटत नाही. पडद्याचं कापड आणायचं असो की पायपुसणं, हे दोन्ही हातांत दोन नग धरून उभे. एकदा मी म्हणालो, "वहिनी, लग्न ठरवतानाही यांनी पहिलं की दुसरं विचारलं असणार." वहिनींनी वर न बघताच सांगितलं, "विचारलं असतं तर मी दुसरं म्हणाले असते."

तर अशा या माणसाच्या आयुष्यात एकच चैन, ती म्हणजे होम थिएटर. मुलगी शिकायला परगावी गेली आणि रिकामपण खायला उठलं, तेव्हा यांनी हॉलची अख्खी भिंत त्या कामी लावली. कपाटाचं चित्र स्वतः पट्टी घेऊन काढलं. मधोमध टीव्ही, दोन्ही बाजूंना चोपदारासारखे उभे दोन उंच स्पीकर, टीव्हीखाली एक आडवा कोनाडा, आणि डावीकडे जे जितकं ते उजवीकडे तितकंच. सुतार वैतागून म्हणाला होता, "साहेब, चेहरासुद्धा दोन्हीकडून इतका सारखा नसतो." समोर सोफा. सोफ्यावरची मधली जागा भिंगोजींची. तिथे दुसरं कोणी टेकलं तर ते काही बोलत नाहीत, फक्त जवळ येऊन उभे राहतात. माणूस आपोआप उठतो.

वहिनींची जागा बाजूला, गॅलरीच्या दाराशी. ताठ पाठीची एक लाकडी खुर्ची. "सोफ्यात बसले की कंबर परत मिळत नाही," म्हणतात. संध्याकाळी लहान मुलांना वाचायला शिकवतात ते त्याच खुर्चीत बसून. मुलं सतरंजीवर बसून एकेक करून मोठ्याने वाचतात, आणि वहिनी डोळे मिटून ऐकतात. अहो, झोपलेल्या वाटतात! पण एखाद्या पोराने जोडाक्षर गिळलं की डोळे न उघडता बोट वर. पोरं म्हणतात, बाईंच्या कानांत सुई आहे. आमचा पुतण्या त्यांच्याकडेच शिकला, नाहीतर अजून वाक्याच्या मध्येच श्वास घेत बसला असता.

रविवारी संध्याकाळी दोघं सिनेमा बघायची. हे मोडायचं नाही, असं ठरलेलं. पाहुणे आले तरी पाहुण्यांसकट.

बिनसलं ते इथेच. वहिनी सिनेमात अधूनमधून विचारायला लागल्या, "काय म्हणाला तो?" भिंगोजी सांगायचे. थोड्या वेळाने परत, "ती काय म्हणाली?" आता सिनेमात काय म्हणाली ते सांगेपर्यंत ती आणखी काहीतरी म्हणून बसलेली असते. सांगणाराही चुकतो, ऐकणाराही. शेवटी एका रविवारी वहिनी उठून आत गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बघा. मला नाही कळत हल्ली कोण काय पुटपुटतं ते."

भिंगोजींना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तर चेहरा असा, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने चष्मा परत आणून दिलाय. "सेंटर स्पीकर," मला म्हणाले. "दोष त्याचाच. बाजूचे दोघे गाणी, गाड्या, मारामाऱ्या सांभाळतात. माणसांचं बोलणं सगळं मधल्यातून येतं. आपला मधला सेटबरोबर फुकट आलेला, किरटा. चांगला घेतला की ती येऊन बसेल."

"वहिनींना न्या ना बरोबर."

"तिचा वर्ग असतो. मी निवडतो."

मला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणून तर मी गेलो.

आवाजाच्या त्या दुकानात एक गालिचा घातलेली खोली होती आणि खोलीच्या बरोबर मध्ये एक चामड्याची खुर्ची. भिंगोजी खुर्ची बघूनच खूश. बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि दुकानदाराला म्हणाले, "कंपनीचं नाव मला सांगायचं नाही. पुढे कापड टाका. एकच प्रसंग, एकच वाक्य, आलटून पालटून लावा. मी पहिला की दुसरा ते सांगतो." दुकानदार जाडजूड, सहनशील माणूस. पण पडद्यावरचा तो म्हातारा "मी आता येणार नाही" हे वाक्य इतक्या वेळा म्हणाला, की शेवटी मीच ओरडलो, "नको येऊस बाबा, पण गप्प बस!" भिंगोजींनी डोळे मिटून बोट ओठांवर ठेवलं. असा माणूस चेष्टेला दाद देत नाही.

अखेर एक पसंत पडला. आडवा, लांबलचक, तब्येतीने दणदणीत. मध्ये एक छोटं भोक, दोन्ही बाजूंना दोन मोठी. म्हाताऱ्याचा खोकलासुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. आणि कोनाड्यात असा चपखल बसला, की भिंगोजींनी दोन पावलं मागे जाऊन कपाटाकडे बघितलं तेव्हा मला वाटलं आता दृष्ट काढतात की काय.

रविवारी वहिनी आल्या. आपल्या खुर्चीत बसल्या. सिनेमा सुरू झाला. भिंगोजी मधल्या जागेवर, पडद्याकडे कमी आणि बायकोकडे जास्त बघत. मी आणि आमची ही सोफ्याच्या टोकाला, दुसऱ्यांच्या घरातला चहा पीत. थोडा वेळ गेला. वहिनींनी मान पुढे काढली. मग हळूच विचारलं, "काय म्हणाला तो?"

भिंगोजींनी सिनेमा थांबवला. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या दुकानातला आवाज काढला, तो हळू, समजूतदार. "अगं, यात आता कुठलाच शब्द सुटत नाही. हा बाजारातला सगळ्यात स्वच्छ. एकदा कान दाखवून घेऊ या आपण. वयाने होतं असं. लाज कसली त्यात?"

वहिनी उठल्या. कप उचलले आणि आत गेल्या.

यात गंमत करण्यासारखं काही नव्हतं, तरी सवयीने मी केली. "वहिनींना तुमचं बोलणं ऐकायचं नाहीये," म्हणालो. कोणी हसलं नाही.

नंतर वहिनी बदलत गेल्या, ते मला कोणी सांगितलं नाही. शेजारी होतो म्हणूनच कळलं. मुलं वाचताना त्यांनी डोळे मिटायचं सोडलं. पुढे वाकून पोरांच्या ओठांकडे बघायच्या. पोरं बिचकायची, आणखी चुकायची. बोट वर जायचं ते मध्येच थांबायचं, खरंच चुकलं की आपल्याला तसं ऐकू आलं, असा हिशेब चालल्यासारखं. मुलीचा फोन आला की "नीट येत नाही गं आवाज" म्हणून लवकर ठेवायच्या. कान दाखवायला मात्र जायच्या नाहीत. "दाखवून काय, तेच सांगतील," म्हणायच्या. आणि एक दिवस त्यांनी मुलांच्या आयांना सांगून टाकलं, पुढच्या सत्रापासून वर्ग बंद. "मुलांचं चुकलेलं मला ऐकू येत नसेल तर मी त्यांना काय शिकवणार?"

आता मजा बघा. त्याच आठवड्यात मी आमच्या गॅलरीत आमच्या हिला अगदी कुजबुजत वरच्या मजल्यावरच्या एका जोडप्याची भानगड सांगत होतो. माझी कुजबूज म्हणजे काय साधीसुधी असते? सरावाची आहे. आणि शेजारच्या गॅलरीतून कपडे झटकता झटकता वहिनी म्हणाल्या, "चूक. तो तिचा मामेभाऊ आहे."

मी तसाच भिंगोजींच्या दुकानात गेलो. "वहिनींचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. कुजबूज ऐकू येते त्यांना, गॅलरीपलीकडची!"

भिंगोजी फ्रेम पुसत होते. पुसतच राहिले. "ते जवळचं," म्हणाले. "जवळचा नंबर वेगळा, दूरचा वेगळा. पुष्कळ लोक सुईत दोरा ओवतात, पण बसची पाटी वाचता येत नाही."

"अहो, कानाला कुठे असतो दूरचा नंबर?"

"का नसावा?" ते अगदी मनापासून म्हणाले. माणूस आयुष्यभर एका खिडकीतून बघतो, मग त्याला सगळं जग त्या खिडकीएवढंच दिसायला लागतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते मला आत्ता लिहिताना सुचलं. तेव्हा मी फक्त म्हणालो, "मग कानाला चष्मा लावा," आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी आमची ही माहेरी गेलेली. मी रिकामा, आणि रिकामा असलो की मी कुठे जातो हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. भिंगोजी हॉलमध्ये एकटेच, पडद्यावर कसलीशी पोलिसी गोष्ट. ते माझ्यासाठी पाणी आणायला उठले, तेवढ्यात मी मधल्या जागेवर फतकल मारली. परत आले आणि जवळ येऊन उभे राहिले. मी हललो नाही. "आज माझी पाठ दुखतेय," म्हणालो. दुखत नव्हती. जरा आणखी उभे राहिले, मग सुस्कारा टाकून गॅलरीजवळच्या त्या ताठ खुर्चीत जाऊन बसले.

पोलिसाने चोराला काहीतरी विचारलं. चोराने काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हणाला तो?" भिंगोजी म्हणाले.

मला आधी वाटलं माणूस चेष्टा करायला शिकला. म्हणालो, "म्हणाला, वयाने होतं असं, लाज कसली त्यात."

पण ते हसले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले. उठले आणि माझ्याजवळ आले. "ऊठ."

"अहो, पाठ..."

"ऊठ रे बाबा!"

मी उठलो. ते मधल्या जागेवर बसले आणि तोच प्रसंग मागे नेऊन लावला. मग खुर्चीत बसले आणि परत लावला. परत मध्ये. परत खुर्चीत. मला खुर्चीत बसवलं. खरं सांगतो, तिथून पोलीस तोंडात सुपारी धरून बोलत होता. शब्द होते, पण त्यांची कड गेली होती, पोकळ, घुमल्यासारखे. मध्ये येऊन बसावं तर प्रत्येक अक्षर टोकदार.

भिंगोजींनी रिमोट खाली ठेवला. "अगं," त्यांनी हाक मारली. मग आणखी जोरात, "अगं, जरा बाहेर ये."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "ओरडायला काय झालं? तेवढं येतं मला ऐकू."

"इथे बस. मध्ये."

"का?"

"बस तर."

त्या सोफ्याच्या काठावर बसल्या, उठायची तयारी ठेवून. भिंगोजींनी प्रसंग लावला. चोर बोलला. वहिनी पडद्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "'किल्ली माझ्याकडे नव्हती, ती तिच्या पर्समध्ये होती.' मग?"

चोर पुढे बरंच काही बोलत होता. भिंगोजींनी त्याला बंद केलं. वहिनींनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा आपल्या खुर्चीकडे. त्या वाचन शिकवणाऱ्या बाई. न लिहिलेलं वाचायला त्यांना वेळ लागत नाही.

"म्हणजे माझे कान..."

"ठीक आहेत," भिंगोजी म्हणाले. "तिथे बसलो तर मलाही कळत नाही. मी चष्मा तुझा करत होतो आणि माझ्या नाकावर लावून बघत होतो."

मला वाटलं आता वहिनी हसतील, निदान सुटल्यासारखं काही होईल. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ राग. "अनोळखी माणूस दुकानात येतो, त्याला तुम्ही दहादा विचारता, पहिलं की दुसरं. तो काय वाट्टेल ते म्हणू दे, खरं धरता. मी म्हणाले ऐकू येत नाही, तर तुम्ही लगेच माझ्यातच खोट काढलीत. आणि मी तुमचं खरं मानलं. स्वतःच्या कानांपेक्षा जास्त खरं मानलं! मुलांना शिकवायला नाही म्हणाले मी. पोरांच्या ओठांकडे बघत बसते, वेड्यासारखी."

भिंगोजी म्हणाले, "तू इथे बसत जा. मी खुर्चीत बसतो."

"मला नको तुमची जागा. मला माझ्या जागेवर ऐकू यायला हवं."

मी घरी जायला निघालो, दारापर्यंत गेलोही. पण चपला सापडायला वेळ लागला. पायांतच होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी देऊन वहिनी भिंगोजींसह आवाजाच्या त्या दुकानात गेल्या. बरोबर मी होतोच. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ती चामड्याची खुर्ची बाजूला भिंतीशी ओढून घेतली. दुकानदार म्हणाला, "बाई, सगळे मध्येच बसून ऐकतात."

"सगळ्यांच्या घरी फक्त मध्येच माणसं बसतात का?"

दुकानदार हसला आणि मग समजावून सांगायला लागला. आडव्या पेटीत दोन मोठे स्पीकर एकाच वेळी तेच बोलतात. समोर बसलं की दोघांचा आवाज एकदम पोचतो. बाजूला बसलं की एकाचा आधी, दुसऱ्याचा किंचित मागून, आणि ते एकमेकांचे शब्द खातात. त्यात पेटी कोनाड्यात कोंबली की आणखी घुमतं.

"मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?" भिंगोजी उसळले.

"सांगणार कसं? तुम्ही बोलू देत नव्हता, आणि खुर्चीवरून उठत नव्हता."

वहिनींनी डोळे मिटले. भिंगोजी बाजूला उभे राहिले आणि विचारायला लागले, "पहिला की दुसरा?" आवाज चष्म्यांच्या दुकानातलाच, पण तळवे सारखे विजारीला पुसत होते. वहिनींनी एकदाही घाई केली नाही. दोनदा "परत लावा" म्हणाल्या. शेवटी त्यांनी निवडला तो आडवा नव्हताच. भिंगोजींच्या कपाटात दोन्ही बाजूंना उभे आहेत, त्यांच्याच जातीचा, बुटका, उभा.

भिंगोजी त्या स्पीकरकडे बघत राहिले. मी ओळखलं. तो कोनाड्यात मावणार नव्हता. कोनाड्याची फळी कापावी लागणार, टीव्ही वर सरकणार, पट्टी घेऊन काढलेला तो सारखा चेहरा बिघडणार. "याच्यासारखाच पण जरा कमी उंचीचा..." ते दुकानदाराला म्हणायला लागले.

वहिनींनी डोळे उघडले, पर्स उचलली. रागाने नाही. "राहू दे," म्हणाल्या. "खरंच राहू दे. इतकं काही नाही." आणि हे ज्या सुरात म्हणाल्या ना, तो सूर बायका घराघरांत काढतात आणि आपण पुरुष तो सोयीने होकार समजतो. भिंगोजींनी मात्र या वेळी नाही समजला. "हाच," ते म्हणाले. "बांधा हा."

त्याच संध्याकाळी करवतीचा आवाज आला. सुताराला बोलवायला धीर नव्हता. स्वतःच कापत होते. कापलं वाकडं. टीव्ही आता कपाटात भुवई उंचावल्यासारखा बसलाय, आणि फळीच्या कडेला एक दाता राहिलाय तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या शर्टाला लागतो. माझे दोन शर्ट गेले.

वहिनींनी आयांना फोन करून वर्ग चालू राहणार असं कळवलं. एकीने विचारलं, "बाई, कान बरे झाले का?" वहिनी म्हणाल्या, "माझे बरे होतेच. आमच्याकडे दुसऱ्याचे होते बिघडलेले."

पण ते इतक्या सहज संपत नाही. रविवारी त्या आपल्या खुर्चीत बसल्या, सिनेमा सुरू झाला, आणि मी बघितलं तर त्या पडद्याकडे तशाच वाकून बघत होत्या, बोलणाऱ्याच्या ओठांकडे. भिंगोजींनीही बघितलं.

"येतंय ना ऐकू?"

"येतंय," वहिनी म्हणाल्या. "स्वच्छ येतंय. पण विश्वास बसत नाही. ओठ दिसले की बरं वाटतं."

भिंगोजी उठले, रिमोटवर काहीतरी शोधलं, आणि पडद्यावरचं चित्र घालवलं. काळा पडदा, नुसता आवाज. एक बाई कोणालातरी रागाने काही सांगत होती, पुरुष मध्येच अडवत होता, मागे कुठेतरी दार वाजलं. मी म्हणालो, "अहो, दिवे गेले का?" मला दोघांनीही हाताने गप्प केलं.

वहिनी आधी काळ्या पडद्याकडेच बघत होत्या. मग पाठ खुर्चीला टेकली. मग डोळे मिटले.

मला काही केल्या गोष्ट लागेना. भिंगोजी मधल्या जागेवर बसून पडद्याकडे डोळे ताणत होते, काळ्यातून काही दिसेल अशा आशेने. "हा कोण आला आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिचा भाऊ," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. "खोटं बोलतोय. ऐका."